मार्च की डिसेंबर? चळवळींच्या सिद्धांतांची हत्यारपेटी, एकाच लाकडावर चालवून पाहिलेली

समाजशास्त्राच्या एम.ए.ला बसलेल्या, नेट-सेटची तयारी करणाऱ्या किंवा एखाद्या चळवळीवर प्रबंध लिहायला घेतलेल्या प्रत्येकाच्या हाती ही पेटी कधी ना कधी येते. आत पाच हत्यारं असतात: सामूहिक वर्तन, सापेक्ष वंचितता, साधन-संघटन, राजकीय प्रक्रिया आणि चौकटीकरण. वर नव-सामाजिक चळवळींचं एक युरोपीय पुडकं. मराठी पुस्तकांत लेबलं थोडी बदलतात. साधन-संघटनाला कुणी संसाधन एकत्रीकरण म्हणतं, चौकटीकरणाला कुणी नुसतं ‘फ्रेमिंग’. माल तोच. गाइडमध्ये प्रत्येकाचे चार गुण आणि तीन दोष छापलेले असतात. त्यावर दहा मार्कांचं उत्तर निघतं, पण कुठलं हत्यार कुठे चालतं आणि कुठे घसरतं ते कळत नाही.

म्हणून इथे सगळी एकाच लाकडावर चालवली आहेत. लाकूड मुद्दाम असं घेतलं आहे की त्यात एक गाठ आहे.

अमेरिकेतलं अलाबामा राज्य, माँटगोमेरी शहर. २ मार्च १९५५ रोजी क्लॉडेट कॉल्विन या १५ वर्षांच्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलीनं गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला. पोलिसांनी तिला ओढून खाली उतरवलं, अटक केली. लोक संतापले, शहराच्या अधिकाऱ्यांबरोबर बैठका झाल्या, खटला लढवला गेला. बहिष्कार झाला नाही. ऑक्टोबरात १८ वर्षांच्या मेरी लुईस स्मिथला त्याच कारणानं अटक झाली. तेव्हाही काही नाही. १ डिसेंबरच्या गुरुवारी रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि सोमवारी, ५ डिसेंबरला, कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाऊल ठेवलं नाही. ते पुढचे ३८१ दिवस.

शहर तेच, कायदा तोच, बससेवा तीच, वर्षही तेच. मग मार्चमध्ये का नाही आणि डिसेंबरमध्ये का? ही ती गाठ. झालेल्या चळवळीचं स्पष्टीकरण कुठलाही सिद्धांत देतो. न झालेल्या चळवळीवर तो काय बोलतो, हे पाहिलं की त्याची धार कळते.

दुसरी चाचणी घरच्या लाकडावर, महाडच्या चवदार तळ्यावर. योगायोग असा की तिथंही मार्च आणि डिसेंबरच आहेत, फक्त १९२७ चे.

सामूहिक वर्तन

पेटीतलं सर्वांत जुनं हत्यार. १८९५ च्या सुमाराला गुस्ताव्ह ल बाँ यांनी गर्दीत माणसाची बुद्धी गळून पडते असं मांडलं; तो भाग आज इतिहास म्हणून वाचायचा आणि पुढे जायचं. हर्बर्ट ब्लूमर यांचे टप्पे (अस्वस्थता, सामुदायिक उत्तेजना, औपचारिक बांधणी, संस्थीकरण) प्रकरणांना मथळे द्यायला बरे पडतात, पण एका टप्प्यातून दुसऱ्यात चळवळ का जाते ते त्यात नाही. टप्पे म्हणजे रेल्वेचं वेळापत्रक, इंजिन नव्हे.

वापरण्याजोगा भाग नील स्मेल्सर यांचा, १९६२ चा. त्यांनी अर्थशास्त्रातून मूल्यवर्धनाची कल्पना उचलली. खनिजाचं पोलाद होतं, पोलादाचा आकार घडतो, मग जोडणी, मग रंग, तेव्हा मोटार बाहेर पडते. क्रम बदलून चालत नाही, रंग आधी देऊन उपयोग नसतो. तशाच चळवळीला सहा अटी: रचनेत वाव, रचनेतला ताण, पसरलेली समान समजूत, ठिणगी टाकणारी घटना, कृतीसाठी जमवाजमव, आणि समाजनियंत्रणाची प्रतिक्रिया.

माँटगोमेरीवर चालवा. मार्चपर्यंत पहिल्या तीन अटी भरलेल्या होत्या. ठिणगीही पडली. तरी गाडी बाहेर पडली नाही. स्मेल्सर म्हणतील, पाचवी अट पुरी नव्हती. पण ती नव्हती हे कशावरून? तर चळवळ झाली नाही यावरून. कुठली ठिणगी ही ठिणगी आणि कुठली नुसती घटना, ते पेट घेतल्यावरच ठरत असेल, तर हे हत्यार कापत नाही, कापलेल्याचं वर्णन करतं. शिवाय ‘समान समजूत’ या कप्प्यात स्मेल्सर लोकांच्या विश्वासांना अफवा आणि भाबडेपणाच्या शेजारी बसवतात. ज्या शहरात महिला संघटनेनं दीड वर्ष आधी महापौरांना लेखी इशारा दिला होता, तिथे ही भाषा विचित्र वाटते.

एक कप्पा मात्र काढून ठेवावा: सहावा. प्रशासन काय करतं ते तारखेवार नोंदवायला तो उत्तम आहे. माँटगोमेरीत कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसइतकंच, १० सेंट भाडं घेऊ लागले, तर शहरानं ४५ सेंटांच्या किमान भाड्याचा नियम पुढे केला. मोटारींचे विमे रद्द होऊ लागले. फेब्रुवारी १९५६ मध्ये १९२१ चा बहिष्कारविरोधी कायदा उकरून काढून नेत्यांवर आरोप ठेवले. प्रत्येक दाबाला चळवळीनं काय उत्तर शोधलं ते शेजारच्या रकान्यात लिहीत गेलं की अर्धं प्रकरण तयार होतं.

सापेक्ष वंचितता

सर्वांत हलकं, सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत जास्त चुकीचं वापरलं जाणारं. कल्पना सुंदर आहे: माणूस किती वंचित आहे यापेक्षा कुणाशी तुलना करून स्वतःला वंचित समजतो ते महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात सॅम्युअल स्टाउफर आणि सहकाऱ्यांना दिसलं की बढतीची संधी भरपूर असलेल्या हवाई दलातले लोक बढतीवर नाराज होते, आणि संधी कमी असलेले लष्करी पोलीस तुलनेनं समाधानी. जेम्स डेव्हिस यांनी १९६२ मध्ये त्याला वक्राचं रूप दिलं: परिस्थिती काही काळ सुधारते, अपेक्षा चढतात, मग परिस्थिती एकदम घसरते आणि त्या दरीत क्रांती होते. टेड गर यांनी १९७० मध्ये हेच राजकीय हिंसेपर्यंत नेलं.

बिघाड मोजमापात आहे. ‘मिळालेलं’ मोजता येतं: मजुरी, भाव, साक्षरता. ‘अपेक्षित’ कुणी मोजलेलं नसतं. मग अभ्यासक अपेक्षेची रेघ चळवळीच्या तारखेवरून मागे ओढत नेतो आणि दरी सापडली असं जाहीर करतो. प्रबंधात हे हत्यार वापरायचंच असेल तर किमान तीन गोष्टी हाताशी हव्यात: तुलनेचा गट कोणता ते त्या काळच्या लेखनातून दाखवणारा पुरावा, किमान दोन वेगळ्या वेळचे आकडे, आणि तेवढीच दरी असूनही शांत राहिलेला एखादा जिल्हा किंवा जात. तिसरी गोष्ट कुणी शोधत नाही. डेव्हिड स्नायडर आणि चार्ल्स टिली यांनी फ्रान्सच्या १८३० ते १९६० च्या नोंदी तपासल्या, तेव्हा हालअपेष्टांचे चढउतार आणि सामूहिक हिंसेचे चढउतार यांची जोडी जुळली नाही.

मार्च आणि डिसेंबरमध्ये दरी तीच होती. इथे हत्यार बोथट. परत पेटीत.

साधन-संघटन

इथून खरा माल सुरू होतो. १९७३ आणि १९७७ मध्ये जॉन मॅकार्थी आणि मेयर झाल्ड यांनी प्रश्न उलटा केला. तक्रारी तर सगळीकडे असतात. त्या चळवळीत बदलायला पैसा, वेळ, जागा, माणसं कुठून येतात ते सांगा. मागे मँकर ऑल्सन यांचं १९६५ चं कोडं होतं: फायदा सगळ्यांना मिळणार असेल तर शहाणा माणूस घरी बसेल आणि दुसऱ्यांच्या श्रमाचं फळ खाईल, मग कुणी का उठावं?

वापरायची पद्धत हिशेबाच्या वहीसारखी आहे. पाच खाती उघडा: पैसा व वस्तू, माणसं व त्यांची कौशल्यं, संघटना व जाळी, सांस्कृतिक साधनं (सभा कशी चालवायची, पत्रक कसं लिहायचं याचं ज्ञान), आणि नैतिक पाठबळ. प्रत्येक नोंदीपुढे लिहा: आतून आली की बाहेरून, कुणाच्या ताब्यात, आणि तोडली तर कोण तोडू शकतं. हा शेवटचा रकाना सहसा गाळला जातो आणि गोम तिथेच असते.

माँटगोमेरीची वही अशी दिसते. बसचे सुमारे तीन-चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय, म्हणजे बहिष्कार टाकण्याची क्षमता हेच पहिलं भांडवल. अलाबामा स्टेट कॉलेजच्या अध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी पार्क्स यांच्या अटकेच्या रात्रीच कॉलेजच्या चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रकं काढली. हे यंत्र संस्थेचं, म्हणजे ताबा बाहेरचा, म्हणून काम एका रात्रीत आटोपणं भाग होतं. चर्च म्हणजे सभागृह, झोळी आणि निरोप्या, तिन्ही एकत्र, आणि त्यांचे धर्मोपदेशक गोऱ्या मालकाच्या पगारावर नव्हते. सुमारे ३०० मोटारींची सामायिक वाहतूक उभी राहिली, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. हा आराखडा हवेतून आला नाही: बॅटन रूज शहरात जून १९५३ मध्ये झालेल्या छोट्या बस-बहिष्काराचे नेते टी. जे. जेमिसन यांच्याकडून तो विचारून घेतला. स्टेशन वॅगन चर्चच्या नावावर घेतल्या. इथले विमे तुटले तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून संरक्षण मिळवलं. आणि जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीण बाई आणि त्यांच्या मैत्रिणी केक, पाय आणि जेवणं विकून दर सभेत रोकड आणून देत. गटाला नाव दिलं होतं ‘कुठलाच नसलेला क्लब’, म्हणजे पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर खरं उत्तर तयार.

याच नोंदीवर मॅकार्थी-झाल्ड यांच्या मूळ आवृत्तीतला दोष उघडा पडतो. त्यांचा भर बाहेरच्या सहानुभूतीदारांवर, व्यावसायिक कार्यकर्त्यांवर होता. बाहेरचा पैसा माँटगोमेरीत आला, पण चाक फिरू लागल्यावर. अल्डन मॉरिस यांनी १९८४ मध्ये ही दुरुस्ती केली: आतली साधनं, स्थानिक चळवळ-केंद्रं, आणि टेनेसीतल्या हायलँडर शाळेसारखी मधली विसाव्याची ठिकाणं, जिथे प्रशिक्षण मिळतं पण जनाधार नसतो. पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात तिथे शिबिराला जाऊन आल्या होत्या. पेटी घेताना हा सुटा भाग आहे का ते तपासा. जुन्या नोट्समध्ये नसतो.

माणसांच्या खात्यासाठी एक बारीक पण भक्कम आधार आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत मतदारनोंदणीसाठी जायला निवडलेल्या विद्यार्थ्यांचे अर्ज डग मॅकॲडम यांनी तपासले: ७२० गेले, २३९ ऐनवेळी गळले. विचारांत दोघांत फारसा फरक नव्हता. गेलेल्यांच्या ओळखीचे आणखी कुणीतरी जाणार होते, आधीच्या कामाचा अनुभव जास्त होता. मुलाखतीत ‘तुम्ही का सामील झालात?’ विचारलं की लोक तत्त्व सांगतात. ‘तुम्हाला कुणी बोलावलं?’ हा प्रश्न विचारा.

आता गाठ. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि चारच दिवसांनी, २१ मेला, माँटगोमेरीच्या महिला राजकीय परिषदेनं महापौर गेल यांना पत्र धाडलं: पंचवीस किंवा अधिक संघटनांत बस-बहिष्काराची चर्चा चालू आहे. म्हणजे साधनं मार्च १९५५ च्या आधीपासून हजर. साधन-संघटन ३८१ दिवस कसे निभले ते तपशिलात सांगतं. सुरुवात डिसेंबरात का, यावर गप्प बसतं. त्याला तो प्रश्न विचारणं हीच वापरणाऱ्याची चूक.

महाडच्या वहीत मौजेच्या नोंदी सापडतात. मार्चच्या परिषदेसाठी पाणीच विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. ज्या साधनासाठी लढा, तेच साधन लढ्याच्या खर्चाच्या बाजूला. डिसेंबरच्या मंडपाला हिंदू जमीनमालकांकडून जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. मोटारवाल्यांनी नकार दिला म्हणून डॉ. आंबेडकर आणि सहकारी पद्मावती बोटीनं दासगाव बंदरात उतरले. ‘कोण तोडू शकतं’ हा रकाना इथे जवळजवळ प्रत्येक ओळीत भरलेला आहे. तिथे ही वही अमेरिकेपेक्षाही चांगली चालते.

राजकीय प्रक्रिया

पेटीतलं मुख्य यंत्र. महाग आहे: शिकायला वेळ लागतो आणि खाद्य म्हणून खूप सामग्री मागतं. मॅकॲडम यांनी १९८२ मध्ये ते याच कृष्णवर्णीय लढ्यावर घडवलं. तीन भाग आहेत: खुल्या होत गेलेल्या राजकीय संधी, आतल्या संघटनांची ताकद, आणि मनाची मुक्तता, म्हणजे ‘हे अन्याय्य आहे’ आणि ‘हे बदलता येईल’ या दोन्ही जाणिवा एकदम होणं.

पहिला भाग कसा चालतो ते कापसावरून कळतं. दक्षिणेतल्या कापसाचा बाजार कोसळला; शेतीतून सुटलेली कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या शहरांत गेली, जिथे त्यांना मत होतं, आणि दक्षिणेच्याच शहरांत आली, जिथे मोठी चर्च आणि कॉलेजं होती. उत्तरेतल्या मतांमुळे राष्ट्रीय पक्षांना त्यांच्याकडे पाहावं लागलं. दक्षिणेतल्या शहरांत संघटना फुगल्या. कापसाच्या भावापासून बसच्या सीटपर्यंतची ही साखळी पेटीतल्या दुसऱ्या कुठल्याही हत्यारानं दिसत नाही. यासाठीच ते घ्यायचं.

संधीचे चार काटे वाचायचे असतात: व्यवस्था किती खुली आहे, सत्ताधाऱ्यांची आपसांतली युती टिकाऊ की डळमळीत, वरच्या वर्तुळात कुणी मित्र आहे का, आणि दडपशाही करण्याची राज्याची कुवत व इच्छा किती. पीटर आयझिंगर यांनी १९७३ मध्ये ४३ अमेरिकी शहरं पाहून दाखवलं की निदर्शनं पूर्ण बंद शहरांत कमी, पूर्ण खुल्या शहरांतही कमी, अर्धवट उघड्या शहरांत जास्त. दार सताड उघडं असेल तर लोक आत जाऊन बोलतात. कुलूप असेल तर फिरकत नाहीत. फट दिसली की धक्का देतात.

बिघाड तीन प्रकारचे.

पहिला आणि सर्रास: संधी हा शब्द सगळं पिऊन टाकतो. निवडणूक संधी, दुष्काळ संधी, नवीन वर्तमानपत्र संधी. इलाज एकच: लिहायला बसण्याआधी चार काट्यांचं वाचन दोन तारखांना करा, एक चळवळीच्या आधीची आणि एक चळवळ न झालेली. काटा हलला नसेल तर तसं लिहा.

दुसरा: संधी आहे आणि संधी दिसते यांत फरक. चार्ल्स कुर्झमन यांनी १९९६ मध्ये इराणवर दाखवलं की १९७९ च्या क्रांतीआधी शहाची राज्ययंत्रणा फारशी ढासळली नव्हती; लोकांना आपली बाजू प्रबळ झालेली वाटली आणि त्या वाटण्यानंच ती प्रबळ झाली. यंत्राचे काटे बाहेरून वाचले तर हे सुटून जातं.

तिसरा बिघाड महाडवर दिसतो आणि तो सर्वांत शिकवणारा आहे. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखा मित्र नगरपालिकेत होता. म्हणजे कागदावर दार उघडं, पाण्यावर बंद. फट! २० मार्च १९२७ पर्यंत यंत्र अचूक चालतं. पुढे ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला. १४ डिसेंबरला दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला. काटे उलटे फिरले, तर यंत्राच्या हिशेबानं चळवळ ओसरायला हवी. प्रत्यक्षात डिसेंबरची परिषद अधिक धारदार झाली, २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली. मिळालेलं हिरावलं जाणं हेही माणसांना उठवतं. टिली यांनी त्याला धोक्याचा काटा म्हटलं. पेटी घेताना तो पाचवा काटा स्वतः बसवून घ्यावा लागतो. अर्थात तळ्यावरचा सत्याग्रह त्या वेळी थांबवावाच लागला आणि हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला, म्हणजे पहिले चार काटे अगदीच खोटं बोलत नव्हते. संधीनं चळवळीचा मार्ग ठरवला, जोर नव्हे.

सामग्रीबद्दल. मॅकॲडम यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्षिक सूचीतून घटना मोजल्या. मराठी वर्तमानपत्रांवर हे करायचं तर आधी ‘घटना’ म्हणजे काय ते एका वाक्यात बांधा (किती माणसं, कुठे, कुणाविरुद्ध, कोणती मागणी). मग दोघांनी त्याच शंभर बातम्या वेगवेगळ्या नोंदवा आणि जुळवा. जुळणीचा कापा गुणांक (दोघांच्या नोंदी योगायोगापलीकडे किती जुळल्या ते सांगणारा आकडा) ०.७ च्या खाली आला तर व्याख्या सैल आहे, माणसं नव्हे. मोठ्या, हिंसक आणि छापखान्याजवळच्या घटना जास्त छापल्या जातात. तालुक्याची सभा छापली जात नाही म्हणून ती झालीच नाही असा आलेख निघतो, आणि तो आलेख दिसायला फार देखणा असतो.

गाठीचं काय? १९५४ चा निकाल मार्चच्या आधीचा. मार्च आणि डिसेंबर यांच्यात चारपैकी एकही काटा सांगण्यासारखा हललेला नाही. इतकं महाग यंत्रही इथे अडतं.

चौकटीकरण

डेव्हिड स्नो, रॉबर्ट बेनफर्ड आणि सहकारी, १९८६ आणि १९८८. चौकट म्हणजे घडलेल्याचा अर्थ लावण्याची तऱ्हा. तिला तीन कामं असतात: दुखणं काय आणि दोष कुणाचा ते सांगणं, उपाय सांगणं, आणि ‘आत्ता, तुम्हीच’ असं म्हणून उठवणं. लोकांच्या मनातल्या चौकटीशी चळवळीची चौकट जुळवायच्या चार तऱ्हा: दोन चौकटी जोडणं, आहे ती ठळक करणं, रुंदावणं, किंवा पूर्ण पालटणं.

गाठीवर हेच पहिल्यांदा कापतं. कॉल्विन १५ वर्षांची, गरीब वस्तीतली, पोलिसांशी वाद घालणारी. अपिलात वर्णभेद कायदा मोडल्याचा आरोपच काढून टाकला गेला आणि पोलिसांवर हल्ल्याचा आरोप तेवढा राहिला. म्हणजे कायद्याला आव्हान द्यायची जागाच गेली. पुढे ती गरोदरही राहिली. पार्क्स ४२ वर्षांच्या, शिवणकाम करणाऱ्या, चर्चमध्ये नियमित, नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव. ‘दोष कुणाचा’ या प्रश्नाला त्यांच्या बाबतीत दुसरं उत्तर देणं विरोधकांना जड गेलं असतं. ही निवड आयोजकांनी डोळसपणे केली. म्हणजे मार्चमध्ये चळवळ पेटली नाही असं नव्हे; ती पुढे ढकलली गेली. साधनं आणि संधी या दोन वह्यांत ‘ठरवणारी माणसं’ असा रकानाच नाही, म्हणून ती दोन्ही अडली.

याच हत्यारानं आणखी एक थर निघतो. पहिल्या आठवड्यातल्या मागण्या वाचा: सौजन्याची वागणूक, मागून कृष्णवर्णीय व पुढून गोरे अशी आधी येईल त्याला जागा, आणि कृष्णवर्णीयांची जास्त ये-जा असलेल्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक. वर्णभेद संपवा ही मागणी त्यात नाही! ती नंतर न्यायालयात गेली. चौकट हळूहळू रुंदावली, शहरानं एवढ्याशा मागणीलाही नकार दिल्यामुळे. महाडमध्ये हीच हालचाल नऊ महिन्यांत आणि जास्त उंच झाली: मार्चमध्ये पाणी, डिसेंबरमध्ये समता. मधल्या काळात ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक ३ एप्रिलला सुरू झालं आणि डिसेंबरच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. ही रुंदावलेली नव्हे, पालटलेली चौकट. फरक दाखवायचा तर मार्च आणि डिसेंबरचे ठराव शेजारीशेजारी ठेवून क्रियापदं तपासा: कुणाकडून काही मागितलं आहे की स्वतः काही जाहीर केलं आहे.

काय बिघडतं? एक, गोल फिरणं: चौकट भिडली कारण चळवळ वाढली, चळवळ वाढली कारण चौकट भिडली. तोडगा, फसलेल्या पत्रकांचाही संग्रह करा. दोन, नेत्यांची भाषणं म्हणजे चळवळीची चौकट असं धरणं. ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं ते पत्रव्यवहारात, गाण्यांत, पोलिसांच्या नोंदींत असतं. जलशांची पदं हा आपल्याकडचा असा साठा आहे आणि कोडिंगसाठी (मजकुराचे तुकडे ठरलेल्या प्रकारांत नोंदवण्यासाठी) तो भाषणांपेक्षा सोपा पडतो, कारण ध्रुवपद चौकटच असते. तीन, जाहिरातवाल्यांची भाषा चिकटणं. चौकट म्हणजे घोषवाक्य नव्हे.

युरोपीय पुडकं

अलँ टुरेन, अल्बेर्तो मेलुची आणि मंडळी. ओळख, जीवनशैली, पर्यावरण हे नव्या चळवळींचे विषय, वर्ग हा जुन्यांचा, अशी विभागणी. मेलुचींचा एकच विचार ठेवण्याजोगा आहे: ‘आम्ही’ ही गोष्ट चळवळीच्या आधी तयार नसते, चळवळीत घडते. बाकी नवं-जुनं हे खोकं आपल्याकडे उघडताच फाटतं. १९७२ च्या दलित पँथरनं नाव ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलं, हत्यार म्हणून कविता वापरली, आणि प्रश्न जमीन, मजुरी व अत्याचाराचे मांडले. नवी की जुनी? प्रश्नच चुकीचा आहे.

कुणी काय घ्यावं

तीन महिन्यांचा एम.ए. प्रकल्प असेल तर साधनांची वही आणि चौकटीकरण, बस. एक संघटना, दोन तारखा, वीस-पंचवीस पत्रकं, दहा मुलाखती. राजकीय प्रक्रिया घेऊ नका. चार काट्यांची सामग्री जमवण्यातच सत्र संपतं. पीएच.डी. असेल तर उलट: राजकीय प्रक्रियेचा सांगाडा, पाचवा काटा जोडून, आणि प्रत्येक टप्प्याला चौकटीची तपासणी. पत्रकारांना लेखासाठी स्मेल्सरचा सहावा कप्पा आणि ‘कुणी बोलावलं’ हा प्रश्न पुरे. सापेक्ष वंचितता प्रस्तावनेत एका परिच्छेदापुरती चालते. कार्यकर्त्यांनी ‘कोण तोडू शकतं’ हा रकाना आधी भरावा. विल्यम गॅमसन यांनी ५३ अमेरिकी गट तपासून शिस्तबद्ध, केंद्रीय संघटना जास्त यशस्वी होतात असं १९७५ मध्ये दाखवलं. दोनच वर्षांनी पिव्हेन आणि क्लोवर्ड यांनी गरिबांच्या चळवळींचा अभ्यास करून संघटनाच धग विझवते असं मांडलं. दोघंही अजून छापले जातात. आपल्या बाजूचा एकच घेऊन निघण्याआधी दुसरा वाचावा.

आणि लाकडात एक छिलका उरतोच, जो चौकटीकरणानंही नीट निघत नाही. बसमधला वर्णभेद शेवटी कायद्यानं संपवला तो ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ या खटल्यानं. सर्वोच्च न्यायालयानं १३ नोव्हेंबर १९५६ ला निकाल कायम केला आणि २० डिसेंबरला बहिष्कार उठला. त्या खटल्यात शेवटपर्यंत राहिलेल्या चार फिर्यादी महिलांत रोझा पार्क्स नव्हत्या. ऑक्टोबरातली मेरी लुईस स्मिथ होती, आणि मार्चमधली क्लॉडेट कॉल्विन.